सर्व परिणामांसह

पंचेचाळीस वर्षं ज्या ऑर्डरची वाट पाहिली ती शुक्रवारी आली, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत चौकटीत जाऊन हवालदारांच्या फोटोशेजारी लटकलीसुद्धा. मेजरांनी आयुष्यात एवढ्या तातडीनं दुसरं काही केलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाला ते दोन तास उशिरा पोचले होते. गाडी रस्त्यात बंद पडली होती, असं ते अजून सांगतात आणि मेजरीणबाई अजून ऐकून घेतात.

ऑर्डर छोटी होती. मेजरांना अधिकारी म्हणून कमिशन मिळाल्याची तारीख आठ महिने मागे नेण्यात येत आहे आणि हा बदल 'सर्व परिणामांसह' लागू राहील, एवढंच. 'सर्व परिणामांसह' हे शब्द सरकारचे नव्हते, मेजरांचे होते. अर्जात ते त्यांनी हट्टानं घातले होते. लेक वकील. ती तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, तारीख मागा, ज्येष्ठता मागा, थकलेला पगार मागा. सगळे परिणाम कशाला मागताय?" त्यावर मेजर म्हणाले होते की फौजेत काम अर्धवट करत नाहीत. सरकारनं त्यांचे शब्द जसेच्या तसे उचलले होते. सरकार एरवी कुणाचं एवढं ऐकत नाही, तेव्हाच संशय यायला हवा होता.

मूळ भानगड एका घोट्याची. प्रशिक्षणाच्या शेवटच्या महिन्यात भिंतीवरून उडी मारताना मेजरांचा घोटा मोडला. तो वेळेत बरा झाला, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, पण तो कागद ज्या कारकुनाच्या कपाटात होता तो कारकून कपाटाची किल्ली खिशात घालून सासुरवाडीला गेला. तिकडचा पाहुणचार लांबला. इकडे मेजरांची तुकडी खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे लावून बाहेर पडली. मग मागची तुकडीही बाहेर पडली, आणि त्या मागच्या तुकडीत होता मेजरांचा सख्खा धाकटा भाऊ. कारकून गुटगुटीत होऊन परतला तोवर धाकटा अधिकारी झाला होता आणि थोरला अजून कॅडेटच होता.

दुसऱ्या कुठल्या घरात हे चार दिवस बोललं गेलं असतं आणि विसरलं गेलं असतं. पण या घरात दोघांचे वडील, हवालदार, होते. जन्मभर हवालदार राहिलेल्या त्या माणसाचा दोनच गोष्टींवर विश्वास होता, कवायत आणि तारीख. दोन्ही मुलं सुट्टीवर आली त्या पहिल्याच जेवणाला त्यांनी हुकूम काढला की या घरात पंगत सेवाज्येष्ठतेनं बसेल. ज्याचं कमिशन आधीचं, तो टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत. धाकटा हसत हसत त्या खुर्चीत बसला तो पंचेचाळीस वर्षं बसून राहिला. बायकांनीही नवऱ्यांच्या तारखेप्रमाणे बसायचं ठरलं. त्यामुळे मेजरीणबाई थोरल्या जाऊ असूनही धाकट्या जावेच्या खाली, थेट स्वयंपाकघराच्या दारापाशी. हवालदार गेले, पण नियम काही गेला नाही. त्यांनी मागे ठेवलेली इस्टेट तेवढीच होती, म्हणून सगळ्यांनी ती जपली.

*

रविवारी सकाळी मेजरीणबाई ताटं पुसत होत्या आणि मेजर ती खुर्ची उलटी करून तिचे स्क्रू आवळत होते.

"मोडलीय का ती?" मेजरीणबाईंनी विचारलं.

"हलते जरा."

"पंचेचाळीस वर्षं हलली नाही. आजच हलायला लागली?"

"तो बसायचा तोवर हलली तरी मला काय करायचं होतं?" मेजर म्हणाले, आणि स्क्रूला शेवटचा पीळ दिला. मग खुर्ची सरळ करून ते तिच्यात बसले, उठले, पुन्हा बसले. हात कुठे ठेवायचे ते ठरत नव्हतं. टेबलावर ठेवले तर हावरटपणा दिसत होता, मांडीवर ठेवले तर मुलाखतीला आल्यासारखं वाटत होतं.

मेजरीणबाई बघत होत्या. या माणसाच्या तारखेशी त्यांचं लग्न झालं होतं आणि हा माणूस त्या तारखेबरोबर आला होता. सवतीचा त्रास म्हणतात तो त्यांना वेगळा सांगावा लागला नाही. पहिल्या रात्री त्यांना घोट्याची गोष्ट ऐकायला मिळाली होती. पहिल्या बाळंतपणात दवाखान्यात ते भेटायला आले ते नव्या अर्जाचा मसुदा घेऊन.

"धाकटा काय म्हणेल गं?" मेजरांनी विचारलं.

"काही म्हणणार नाही. भावजी जेवतील आणि जातील."

"काहीतरी म्हणायला हवं त्यानं."

मेजरीणबाईंनी पाणी भरलं. मेजरांना भावानं काय म्हणायला हवं होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. 'दादा, तू मोठा.' एवढंच. त्यासाठी त्यांनी सरकारकडून लेखी आणलं होतं.

*

धाकटे बंधू, म्हणजे कर्नल, गाडी चालवत होते आणि एक विनोद तोंडातल्या तोंडात घोळवत होते. 'दादा, खुर्ची गरम करून ठेवलीय, बस.' हे कसं म्हणावं ते त्यांना सापडत नव्हतं. जोरात म्हटलं तर टोमणा वाटेल, हळू म्हटलं तर रडल्यासारखं.

"आता मी जाऊबाईंच्या खाली बसायचं का?" शेजारून बायकोनं विचारलं.

"नियम तोच आहे."

"बरं झालं. दारापाशी वारा येतो. इतकी वर्षं तुमच्या ज्येष्ठतेपायी मी भिंतीला टेकून उकडून जेवलेय."

कर्नलांनी गिअर बदलला. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं. खुर्ची म्हणजे शेवटी चार पाय आणि एक पाठ. पण त्या पहिल्या जेवणाला वडिलांनी, जन्मभर दुसऱ्यांना सलाम ठोकलेल्या त्या माणसानं, त्यांना उभं राहून कडक सलाम केला होता. मग थोरल्याकडे वळून म्हणाले होते, "तूही कर." थोरल्यानं केला होता. तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला होता. लहानपणापासून ज्याच्या जुन्या चड्ड्या घालून ते वाढले, तो आता त्यांच्यासमोर ताठ उभा होता. त्या आनंदाची लाज पुढे वाटू लागली, पण खुर्ची सोडण्याइतकी कधीच नाही.

"वरातीमागून घोडं," ते म्हणाले. "सत्तरीत ज्येष्ठता मिळाली. आता काय, देवाघरी आधी बोलावतील का त्याला?"

"तसं म्हणू नका तिथं."

"मी काहीच म्हणणार नाहीये."

"तेही करू नका," बायको म्हणाली.

*

दारातच मेजर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, घरात असून.

"या," ते म्हणाले. मग आठवण होऊन म्हणाले, "ये."

कर्नलांच्या ते लक्षात आलं. घरात भाऊ त्यांना 'ये'च म्हणायचा, पण आजच्या 'ये'मध्ये ज्येष्ठतेची थोडी भर होती. जेवणघरात गेल्यावर कर्नल जुन्या सवयीनं टोकाच्या खुर्चीकडे निघाले, मध्येच थबकले आणि टेबलाच्या कडेनं असे वळले की जणू त्यांना फोटो बघायचा होता. फोटोशेजारी ऑर्डर होती. ती त्यांनी दोनदा वाचली.

"'सर्व परिणामांसह'," ते मोठ्यानं म्हणाले. "भाषा जोरदार आहे."

"माझीच आहे," मेजर म्हणाले.

तोवर चिरंजीव आले. मेजरांचे चिरंजीव घरं विकण्याच्या धंद्यात होते, म्हणजे लोकांना घरं दाखवायचे आणि लोक दुसरीकडे घर घ्यायचे. आल्या आल्या ते बापाच्या पाया पडले. एरवी ते पायाकडे बघतही नसत, पण आज पाय ज्येष्ठ झाले होते.

"बाबा, थकबाकी नक्की किती?"

"तुझ्या ताईनं पगार ऑफिसला विचारलंय. कळेल आज."

"नाही, मी म्हटलं, एक जागा बघून ठेवलीय. चौथा मजला, लिफ्ट आहे. थोडं टोकन दिलं तर..."

"कुणासाठी जागा?" मेजरीणबाईंनी विचारलं.

"तुमच्यासाठीच! म्हणजे आधी आम्ही राहू, आणि मग तुम्ही कधीही या."

"लिफ्ट आहे ना, मग येऊच," आई म्हणाली आणि भाताचं भांडं घेऊन आली.

मेजर खुर्चीशी उभे राहिले. सगळ्यांनी काहीतरी करायला हवं आहे हे सगळ्यांना कळत होतं आणि काय ते कुणालाच कळत नव्हतं. शेवटी कर्नलांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि ती थोडी मागे ओढली.

"बस," ते म्हणाले. घोळवलेला विनोद कुठे गेला कुणास ठाऊक.

मेजर बसले. त्यांनी वाट पाहिली. कर्नल शेजारच्या खुर्चीत बसले, त्यांनी ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "भाजी कसली आहे?"

पंचेचाळीस वर्षांचा लढा असा भाजीवर आला.

*

वकील लेक अर्धं जेवण होत आलं तेव्हा पोचली. घरात तिला सगळे ताई म्हणत, आणि सध्या न्यायाधीश सोडले तर सगळे तिला घाबरत. तिनं बूट काढले, हात धुतले, बापाला त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि दारातच थांबली. येताना तिनं ठरवलं होतं की आधी जेवायचं आणि मग सांगायचं. पण बापाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तिला घास गेला नसता.

"बाबा, काल संध्याकाळी पगार ऑफिसमधल्या बाईंचा फोन आला होता."

"किती?" चिरंजीवांनी विचारलं.

"आठ महिन्यांचा थकलेला पगार मिळणार. त्या वेळच्या दरानं. नव्या अधिकाऱ्याचा."

"व्याज?"

"व्याज नाही. सगळे मिळून आज एक जोड बूट येतील. लेस वेगळी घ्यावी लागेल."

चिरंजीवांचा चौथा मजला तिथल्या तिथे खाली आला. मेजर मात्र हसले. "पैशासाठी भांडलोच नव्हतो. तत्त्वाचा प्रश्न होता."

"पुढे ऐका, बाबा. तुमची सेवा ठरावीक मुदतीची होती. कमिशनपासून पंचवीस वर्षं पूर्ण झाली की घरी."

"झाली. आलो घरी."

"आता कमिशन आठ महिने आधीचं झालं. म्हणजे तुमची पंचवीस वर्षंही आठ महिने आधी संपली." ताईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "शेवटचे आठ महिने तुम्ही नोकरीत नव्हतात. सरकार म्हणतं, त्या आठ महिन्यांचा पगार परत करा. मेजरचा पगार, त्या दरानं."

कर्नलांच्या बायकोनं हातातला घास ताटात ठेवला.

"डेपोत माझी नेमणूक होती, रोज जात होतो," मेजर म्हणाले. "रोज. सात वाजता."

"कागदोपत्री फिरायला जात होतात. एक अनधिकृत इसम रोज डेपोत घुसत होता आणि दारावरचा पहारेकरी त्याला सलाम करत होता, असा त्याचा अर्थ होतो."

"हे कुणी सांगितलं त्यांना?"

"तुम्ही. सर्व परिणामांसह."

देव देतो आणि कर्म नेतं असं म्हणतात. इथे कर्मानं न्यायलासुद्धा मेजरांनी स्वतःच अर्ज केला होता. ते भिंतीवरच्या चौकटीकडे बघत राहिले. त्यांना राग यायला हवा होता, पण रागाला कुठून सुरुवात करावी ते कळेना. कारकून तर कधीच वारला होता.

"अजून एक आहे," ताई म्हणाली, आणि या वेळी तिनं आईकडे पाहिलं नाही. "शेवटच्या बदलीतलं, डेपोजवळचं ते सरकारी घर. नोकरीत नसताना तुम्ही तिथे राहिलात. अनधिकृत वास्तव्य. आठ महिन्यांचं दंडासह भाडं लावलंय."

मेजरीणबाईंच्या हातात डाव होता. तो त्यांनी भातात उभा रोवला.

"कुणाचं वास्तव्य?"

"आपलं. अनधिकृत."

"मी अनधिकृत?" मेजरीणबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याबरोबर?"

*

सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ऑर्डर मान्य, तर वसुलीही मान्य. नाहीतर अर्ज मागे घ्यायचा आणि जुनी तारीख चालू ठेवायची. मधला रस्ता ताईनं शोधला होता, पण त्याला आणखी दहा वर्षं लागली असती, आणि दहा वर्षं कुणाच्या हिशेबात होती हे विचारायची सोय नव्हती.

चिरंजीव पहिल्यांदा बोलले. "अर्ज मागे घ्या, बाबा. विषय संपला. हाती धुपाटणं घेऊन बसण्यात काय अर्थ आहे?"

"बरोबर बोलतोय तो," कर्नल म्हणाले. फार चटकन म्हणाले. "दादा, व्यवहार बघ. या वयात कशाला डोक्याला ताप? तारीख काय, मागे काय आणि पुढे काय. आपल्यात कुणी मोजतंय का?"

"पंचेचाळीस वर्षं तुम्हीच मोजत होतात," त्यांची बायको म्हणाली.

"मी व्यवहाराचं बोलतोय."

"तुम्हाला व्यवहार दिसत नाहीये. खुर्ची दिसतेय. भावजींना बसून अर्धा तास नाही झाला आणि तुम्ही त्यांना उठवायला निघालात."

कर्नलांचे कान लाल झाले. ती खरं बोलत होती. ताईनं 'वसुली' म्हटलं तेव्हा त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. भावावर संकट आलं आणि आपल्याला हायसं वाटलं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं आणि पाणी प्यायले.

"काकू, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" चिरंजीवांनी विचारलं.

"तुझ्या नाही," काकू म्हणाली.

ताई म्हणाली, "आपण सगळे बोलतोय. बाबांना विचारा की."

सगळे मेजरांकडे वळले. मेजर मात्र मेजरीणबाईंकडे बघत होते. त्या दारापाशी, आपल्या जुन्याच जागी उभ्या होत्या आणि त्यांची नजर टेबलावर नव्हतीच.

मनानं त्या डेपोजवळच्या घरात होत्या. दोन खोल्या, एक व्हरांडा. न्हाणीघराचं दार लागत नसे, आतून वीट लावायला लागायची. आत कोण आहे हे विटेच्या आवाजावरून कळायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं, आणि पाच वाजून गेले की त्या वळणावर मेजरांची सायकल दिसायची. त्याआधीची सगळी वर्षं मेजर जिथे होते तिथे बायकामुलांना परवानगी नव्हती, आणि जिथे परवानगी होती तिथे पडदे लावून होईतो बदली यायची. निवृत्तीनंतर त्यांनी कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी धरली, तीही रात्रपाळीची. मग तीही सुटली आणि मेजर घरी आले, पण राहायला गेले ते अर्जांत. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. त्यातला खरा संसार कोणता असं मेजरीणबाईंना विचारलं असतं तर त्यांनी ते आठ महिने काढून दिले असते. आता सरकार म्हणत होतं की तेवढेच नेमके बेकायदा होते.

मेजर उठून उभे राहिले.

"ताई, लिही," ते म्हणाले. आवाज परेडवरचा होता. "अर्ज मागे. तारीख जुनीच राहू दे. आठ महिने मी सरकारला परत देणार नाही. ते माझे एकट्याचे नाहीत."

चिरंजीवांनी सुस्कारा सोडला. कर्नल खाली बघू लागले. पंचेचाळीस वर्षं ज्यासाठी हा माणूस झोपला नाही ते त्यानं बायकोसाठी एका वाक्यात टाकलं होतं. आता आई पदरानं डोळे टिपणार असं चिरंजीवांना वाटलं, म्हणून त्यांनी नजर वळवली.

"खाली बसा," मेजरीणबाई म्हणाल्या.

"मी ठरवलंय."

"ठरवलंत ते ऐकलं. बरं वाटलं. आता खाली बसा." त्यांनी भातातला डाव काढला. "तारखेपायी मी आयुष्यभर घोटा ऐकला. आता तारीख सोडलीत तर उरलेलं आयुष्य तारीख सोडल्याचं ऐकावं लागेल. त्यापेक्षा घोटा बरा. तो पाठ तरी आहे."

कर्नलांच्या बायकोला हसू आवरेना. ताईनं तोंडावर हात धरला.

"अगं, पण त्यांनी तुला अनधिकृत..."

"म्हणू देत. भाडं भरा. पगार परत करा. आणि भाड्याची पावती माझ्या नावावर घ्या."

"पावती?" ताईनं विचारलं. "कशाला, आई?"

"मला हवीय. या बाईनं नवऱ्याबरोबर आठ महिने एका घरात राहून त्याचं भाडं भरलं, असं त्या पावतीवर येऊ दे. दंडासकट येऊ दे. तुमच्या बाबांच्या नोकरीचे एवढे कागद घरात आहेत, आम्ही एकत्र राहिलो असं सांगणारा एकही नाही. एवढा एक तरी असू दे."

ताईनं फोनवर टिपून घेतलं: पावती, आईच्या नावावर.

"आणि पैसे?" चिरंजीव म्हणाले. कुणीतरी ते विचारायलाच हवं होतं, आणि त्यासाठी देवानं चिरंजीव दिले होते. "बाबांची सगळी शिल्लक जाईल त्यात."

तेव्हा कर्नलांची बायको, अगदी सहज, भाजी वाढून घेत म्हणाली, "अनधिकृत वास्तव्य तर आपल्याकडेही झालं की, अहो. त्या खुर्चीत. आता तारखेप्रमाणे पहिल्या दिवसापासूनच ती भावजींची होती ना? सर्व परिणामांसह?"

कर्नलांनी बायकोकडे पाहिलं. मग चौकटीकडे, मग तिच्या शेजारच्या फोटोतल्या हवालदारांकडे. फोटोतला माणूस नेहमीप्रमाणे सावधान उभा होता. कर्नलांना एकदम हसू फुटलं आणि ते लवकर थांबेना, इतकं की शेवटी त्यांना चष्मा काढावा लागला. तो पुसताना त्यांनी फार वेळ लावला.

"पंचेचाळीस वर्षं फुकट बसलो," ते म्हणाले. "अर्धी वसुली माझी. दंडासकट. काही बोलू नकोस, दादा. तू मोठा आहेस, पण ऐक."

मेजरांनी ऐकलं. जे शब्द ऐकायला त्यांनी सरकारपर्यंत खेटे घातले होते ते असे भाजी वाढता वाढता आले होते, आणि ते ऐकून करायचं काय हे त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं. ते थोडा वेळ टोकाच्या खुर्चीत बसून राहिले. खुर्ची हलत नव्हती. तिथून सगळं टेबल दिसत होतं, पण दारापाशी बसणारी बाई भाताच्या मोठ्या भांड्यामागे झाकली जात होती. ते इतक्या वर्षांत त्यांना कधी कळलं नव्हतं, कारण ते कधी तिथे बसलेच नव्हते.

त्यांनी ताट उचललं, टेबलाला वळसा घातला आणि मेजरीणबाईंच्या शेजारचं स्टूल ओढून दारापाशी बसले.

"दादा, खुर्ची?" कर्नलांनी विचारलं.

"बस तू. किंवा नको बसू."

कर्नल बसले नाहीत. चिरंजीवांनी एकदा त्या दिशेनं पाहिलं, पण काकूनं आधीच भाताचं भांडं उचलून टोकाच्या खुर्चीत ठेवलं होतं. टेबलावर जागा नव्हती, असं ती म्हणाली. ताई अखेर जेवायला बसली.

मेजर भात कालवत राहिले. मग, बाकीचे बोलताहेत अशी संधी साधून, हळू आवाजात म्हणाले, "त्या घरात मी एवढं काय वेगळं करत होतो गं?"

"काही नाही," मेजरीणबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात मीठ वाढलं. "वेळेवर घरी येत होतात."